बारा व्होल्ट, पाच अँपिअर आणि आमचा सर्व्हर

कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हटला की पोरं प्रोसेसरवर चार रात्री वाद घालतात, रॅमवर दोन रात्री, आणि पॉवर सप्लायचा विषय निघाला की... "तो काय, कॅबिनेटबरोबर येतो की!" आम्हीही अगदी असंच म्हटलं होतं. त्याची किंमत आम्ही मोजली असती तर काही वाटलं नसतं, पण ती मोजली आमच्या विंगमधल्या एका सिनिअरने. म्हणून हा लेख.

आमच्या खोलीतली पेटी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. कपाटावर ठेवलेली, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी. आत मिनी-आयटीएक्स बोर्ड आहे, म्हणजे १७ सेंटिमीटर बाय १७ सेंटिमीटरचा. (हा आकार व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणला.) त्यावर इंटेलचा एन१०० प्रोसेसर बसवूनच येतो. एक छोटी एसएसडी, आणि डेस्कटॉपच्या साडेतीन इंची दोन जुन्या हार्ड डिस्क. जुन्या प्रश्नपत्रिका, नोट्स, लॅबची सॉफ्टवेअरं आणि फायनल इयरवाल्यांच्या प्रोजेक्टचा बॅकअप असं सगळं त्यावर. चोवीस तास चालू. रेक्टर सरांनी परवानगी देताना एकच अट घातली होती : "हिटर-इस्त्रीवर बंदी आहे, मग ह्याला किती करंट लागतो ते मला आकड्यात दाखवायचं. आणि रात्री जळका वास आला तर पेटी माझ्या ऑफिसात!"

आकड्यात दाखवायचं म्हणून आम्ही गणित केलं. एन१००ची टीडीपी ६ वॉट. डिस्क फिरत असताना प्रत्येकी पाच-सहा वॉट. बाकी किरकोळ. झाले वीस वॉट! पंख्यापेक्षाही कमी. रेक्टर सर खूश, आम्हीही खूश.

गणित चुकीचं नव्हतं. ते अर्धवट होतं.

सुरुवातीला आम्ही एका भंगारातल्या पीसीचा ४५० वॉटचा एसएमपीएस लावला. खरं सांगायचं तर त्याने कधी दगा दिला नाही. पण रात्री त्याचा पंखा असा घरघरायचा की रूम पार्टनर उशी फेकून मारायचा. शिवाय भिंतीतल्या सॉकेटला वॉटमीटर लावला तर आकडा दिसला ३२ वॉट. लॅबमधला अँमीटर लावून डीसी बाजूला मोजलं तेव्हा मशीन खात होतं १९ वॉट. बाकीचे १३ वॉट त्या पत्र्याच्या डब्यात नुसते गरम होत होते.

असं का होतं? एसएमपीएसची कार्यक्षमता सगळ्या लोडला सारखी नसते. स्विचिंग, कंट्रोल सर्किट, ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचा लॉस, पंखा ह्यांचा ठरलेला खर्च असतोच, तुम्ही १० वॉट घ्या नाहीतर ३०० घ्या. एखाद्याने चार माणसांच्या जेवणासाठी अख्ख्या मेसची भट्टी पेटवावी तसं. खोक्यावर '८० प्लस'चा शिक्का असला म्हणून इथे फार उपयोग नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेत मोजणी होते ती २०, ५० आणि १०० टक्के लोडला. टायटॅनियमसारख्या वरच्या दर्जात १० टक्क्यांचीही अट आहे. आता ४५० वॉटचे २० टक्के म्हणजे ९० वॉट. आमची पेटी राहते ४ टक्क्यांवर! तिथे सप्लाय काय करतो ते शिक्का सांगतच नाही. तेव्हा 'मोठा घेतला की झालं, वाया थोडाच जातो' हे छोट्या मशीनला लागू पडत नाही.

मग कोणीतरी पिको-पीएसयूचं नाव काढलं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : बोर्डाच्या चोवीस पिनच्या कनेक्टरएवढाच एक सर्किट-तुकडा असतो, तो थेट बोर्डात खोचायचा. त्याला बाहेरून १२ व्होल्ट डीसी द्यायचे. पंखा नाही, आवाज नाही, पेटीतली जागाही जात नाही. तो ५ आणि ३.३ व्होल्ट स्वतः तयार करतो, स्टँडबायचे ५ व्होल्ट सतत देतो, आणि बोर्डाने हिरव्या वायरवर खूण केली की बाकीचे व्होल्टेज सोडतो. हे सगळं आम्हाला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं की साध्या पिकोमध्ये १२ व्होल्टची लाईन तयार होत नाही. बाहेरून आलेले १२ व्होल्टच एका स्विचमधून तसेच पुढे जातात. म्हणजे बाहेरचा अडॅप्टर ११ देत असेल तर बोर्ड आणि डिस्कलाही ११च. एटीएक्सच्या नियमाने १२ व्होल्टमध्ये ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. त्याखाली गेलात की तुमचं नशीब.

पिको चांगला आणला. मग अडॅप्टर? सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना लावतात तसला एक १२ व्होल्ट ५ अँपिअरचा काळा अडॅप्टर एका दुकानातून स्वस्तात मिळाला. बारा पंचे साठ वॉट. आम्हाला हवेत वीस. तिप्पट! दुकानदार म्हणाला, "आरामात चालेल." अडॅप्टरची वायर कपाटापर्यंत पोचेना, म्हणून मी स्वतः घरातली १४/३६ची दोन मीटर वायर जोडून ती लांबवली. टेप सुद्धा नीट गुंडाळली होती, त्याचा अभिमान वाटायचा.

पहिल्या दिवशी मशीन चालू झालं. दुसऱ्या दिवशी झालं नाही. तिसऱ्या दिवशी चारदा प्रयत्न केल्यावर झालं. बटण दाबलं की डिस्क 'सुंईई' करून फिरायला लागायच्या, मग 'टक्', आणि सगळं बंद. दोन सेकंदांनी पुन्हा आपोआप चालू, पुन्हा 'टक्'. आम्ही काय केलं असेल? बरोबर, रॅम काढून खोडरबराने घासली! होस्टेलमध्ये कॉम्प्युटरचा कुठलाही आजार रॅम घासून बरा होतो अशी श्रद्धा आहे. आणि गंमत म्हणजे घासल्यावर मशीन चालू झालं. त्यामुळे श्रद्धा आणखी पक्की झाली. मध्ये दहा-पंधरा मिनिटं गेल्याने अडॅप्टर थंड झाला होता हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रात्री लाईट गेली, आली, परत गेली, आली. आम्ही सगळे खाली मेसमध्ये होतो. वर येऊन पाहतो तर पेटी 'सुंई-टक्, सुंई-टक्' करत बसलेली. किती वेळ चाललं होतं देव जाणे. त्या रात्री एका डिस्कची फाईल सिस्टिम गेली. फायनल इयरच्या एका सिनिअरचं तीन आठवड्यांचं सेन्सरचं रीडिंग तिच्यावर होतं, आणि त्याने आमच्या भरवशावर ते लॅपटॉपमधून पुसलं होतं. त्याला सांगायला मीच गेलो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बरं. परत सेटअप लावायला किती दिवस मिळतायत बघतो," आणि कॅलेंडर बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी पेटी उचलून लॅबमध्ये नेली. आमचे लॅब असिस्टंट काका रॅमबिम काही बघायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी डिस्कच्या पिवळ्या वायरवर डीएसओचा प्रोब लावला आणि म्हणाले, "दाब बटण." स्क्रीनवर १२ व्होल्टची सरळ रेघ होती, ती एकदम खड्ड्यात गेली, साडेनऊच्याही खाली, आणि मग शून्य. दोन सेकंदांनी परत तेच. मल्टीमीटरवर हेच आम्हाला कधी दिसलं नसतं, कारण तो सरासरी दाखवतो आणि तोही सावकाश.

काकांनी मग फळ्यावर जे लिहिलं तेच खरं पॉवर सप्लायचं गणित. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरत असताना जेमतेम अर्धा अँपिअर घेते, पण थांबलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायच्या असतात तेव्हा काही सेकंद १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर लागतात. मोटरचा स्टार्टिंग करंट हो, सेकंड इयरला शिकलोय आपण! दोन डिस्क एकदम, म्हणजे ४ अँपिअर. बोर्ड त्याच वेळी बूट होतंय, त्याचे १५ वॉट, डिस्कच्या ५ व्होल्टच्या सर्किटचे ७ वॉट. हे पिकोच्या आतल्या लॉससकट १२ व्होल्टवर मोजले तर आणखी २ अँपिअर. झाले ६. आणि अडॅप्टर पाचाचा.

पाचाचा अडॅप्टर सहा मागितल्यावर काय करतो? चांगला असेल तर स्वतःला वाचवतो : आउटपुट बंद करतो, क्षणभर थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. ह्याला हिकप म्हणतात, म्हणजे उचकीच. आमची 'सुंई-टक्' ती हीच उचकी. अडॅप्टर बिचारा त्याच्या शिस्तीप्रमाणे वागत होता. फक्त प्रत्येक उचकीला डिस्कचं हेड घाईघाईने पार्क होत होतं आणि लिहायचं अर्धवट राहत होतं.

आणि माझी ती अभिमानाची वायर. १४/३६ म्हणजे ३६ गेजच्या १४ तारा, तांब्याचा छेद साधारण ०.४१ चौरस मिलिमीटर, रेझिस्टन्स मीटरला ०.०४२ ओहम. वायर दोन मीटर, पण करंट जातो आणि परत येतो, तेव्हा चार मीटर धरायची : ०.१७ ओहम. सहा अँपिअरला ड्रॉप एक व्होल्ट! म्हणजे अडॅप्टर देवमाणूस असता आणि त्याने अगदी १२ दिले असते, तरी बोर्डापाशी ११च पोचले असते. २३० व्होल्टच्या लाईनमध्ये एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. १२मध्ये एक म्हणजे आठ टक्के. हीच वायर ४०/३६ घेतली तर ड्रॉप साधारण ०.३५ व्होल्टवर येतो. पण त्याहून सोपं म्हणजे अडॅप्टर पेटीजवळ ठेवा आणि लांबवायची असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवा, तीही तयार एक्स्टेंशन बोर्डाने, माझ्यासारखी टेप गुंडाळून नव्हे.

तिसरी गोष्ट काकांनीच करून दाखवली. त्यांनी ड्रॉवरमधून मोटरसायकलच्या ब्रेक लाईटचे १२ व्होल्ट २१ वॉटचे तीन बल्ब काढले. एक बल्ब म्हणजे साधारण पावणेदोन अँपिअर. अडॅप्टरला एकेक जोडत जायचं आणि व्होल्टेज बघायचं. दोन बल्बला आमचा अडॅप्टर ११.६ दाखवत होता. तिसरा जोडताच १०.९, आणि दहा मिनिटांत कवच इतकं तापलं की हात लावून ठेवता येईना. तीन बल्बचा लोड तर लेबलवरच्या पाच अँपिअरच्या आसपासच होता, पण तेवढाही ह्याला पेलवेना. (हेडलाईटचा मोठा बल्ब ह्या कामाला घेऊ नका. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स गरम असतानाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे चांगला अडॅप्टरही सुरुवातीलाच उचकी देतो आणि तुम्ही त्याला उगाच नापास कराल. आणि बल्बला हात लावू नका, हे वेगळं सांगायला नको.)

मग नवीन घेताना आम्ही कसं ठरवलं ते सांगतो. ६ वॉट ही प्रोसेसरची टीडीपी असली तरी बहुतेक बोर्ड त्याला थोड्या वेळासाठी ह्याच्या कितीतरी पट ओढू देतात. म्हणून बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखा असे मिळून जास्तीत जास्त ३५ वॉट धरले. डिस्क फिरायला लागताना सगळं एकदम आलं तर ४ अँपिअर डिस्क मोटरचे आणि ३.८ बाकीचे, म्हणजे पावणेआठ. म्हणून १२ व्होल्ट १० अँपिअर. त्याहून मोठा घेतला नाही, कारण पुन्हा तेच, चार माणसांना भट्टी. तुमच्या मशीनमध्ये फक्त एसएसडी असेल तर हे सगळं विसरा. पाच अँपिअरचा खराखुरा अडॅप्टर तुम्हाला भरपूर झाला. अडीच इंची लॅपटॉपच्या डिस्कही ५ व्होल्टवर चालतात आणि सुरुवातीला १ अँपिअरच्या आसपास घेतात, त्यांचाही फारसा त्रास नाही. खरा खादाड म्हणजे साडेतीन इंची.

अडॅप्टर ह्यावेळी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन, हातात घेऊन, वजन बघून आणला. पिशवीत बल्ब आणि मीटर होताच. दुकानदार आधी हसला, मग त्यानेच होल्डर धरला! लेबलवर बीआयएसचा रजिस्ट्रेशन नंबर, 'आर'ने सुरू होणारा, आहे का ते बघा. कॉम्प्युटरच्या अडॅप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. छापलेला नंबर खोटाही असू शकतो, पण ज्याने खोटाही छापलेला नाही तो कशाला घ्यायचा?

कनेक्टरकडे आमचं आधी लक्षच नव्हतं. गोल जॅक बाहेरून साडेपाच मिलिमीटरचाच असतो, पण आतली पिन २.१ किंवा २.५. मोठ्या भोकाचा प्लग बारीक पिनवर सैल बसतो, चालतो, आणि तापतो. शिवाय नेहमीचे असले जॅक पाच अँपिअरच्या आसपासचेच असतात. आम्ही चार पिनचा डीआयएन कनेक्टर घेतला. त्यात प्लस-मायनस कुठल्या पिनांवर हे प्रत्येक कंपनीत सारखं नसतं, तेव्हा मीटरने बघितल्याशिवाय खोचू नका. पिको उलट्या पोलॅरिटीला माफ करेल ह्या भरवशावर राहू नये.

आणि तीन पिनचा अडॅप्टर घ्या. दोन पिनच्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये गोंगाट दाबण्यासाठी प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यामुळे पेटीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. करंट अगदी थोडा, पण ओल्या हाताने नको वाटतं. अर्थात तिसरी पिन असून भिंतीत अर्थिंग नसेल तर काय उपयोग? आमच्या खोलीतल्या दोनपैकी एका सॉकेटला अर्थिंग नव्हतंच. हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, स्वतः स्क्रू काढू नका.

काहीजण विचारतात, पिको कशाला, थेट १९ व्होल्टचं सॉकेट असलेलं बोर्ड मिळतं की! मिळतं, आणि माझ्याकडे आज पुन्हा पैसे असते तर मी तेच घेतलं असतं. लॅपटॉपचा ओरिजिनल अडॅप्टर हा बाजारातल्या सगळ्यात भरवशाच्या सप्लायपैकी एक. १९ चे १२ बोर्ड स्वतः करतं, त्यामुळे वायरमधल्या ड्रॉपचंही एवढं भय नाही. फक्त डिस्कना पॉवर बोर्डावरूनच घ्यावी लागते, तिची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. टाईप-सी चार्जरवरून २० व्होल्ट घेणारेही आहेत. चालतं, पण दोन-तीन पोर्टचा चार्जर असेल तर शेजारी कोणी मोबाईल लावला की चार्जर वाटणी नव्याने ठरवतो आणि क्षणभर तुमची लाईन तोडू शकतो. होस्टेलमध्ये रिकामं पोर्ट दिसलं आणि कोणी मोबाईल लावला नाही, असं कधी झालंय? रास्पबेरी पाय ५ वाल्यांनी ५ व्होल्ट ५ अँपिअरचाच सप्लाय घ्यावा. तीन अँपिअरवाला लावला तर तो यूएसबी पोर्टना एकूण ६०० मिलीअँपिअरवर आणतो आणि मग बाहेरची डिस्क का दिसत नाही म्हणून तुम्ही केबल बदलत बसता.

लाईट जाण्याचा प्रश्न उरला. ई अँड टीसीच्या एका मित्राने सुचवलं की १२ व्होल्टची बॅटरी थेट पिकोला लावू. ऐकायला झकास! पण लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना १३.८ पर्यंत जाते आणि संपताना साडेदहापर्यंत येते, आणि आपल्याला हवेत ११.४ ते १२.६. ह्यासाठी वाईड इनपुटचा पिको वेगळा मिळतो, तो १२ व्होल्टही स्वतः रेग्युलेट करतो. आम्ही शेवटी जुना ६०० व्हीएचा यूपीएस नवीन बॅटरी टाकून लावला. त्याला डेटा पोर्ट नाही, म्हणून एक जुगाड केला आहे : खोलीतला नेटवर्क स्विच मुद्दाम यूपीएसवर घेतलेला नाही. मशीन दर मिनिटाला त्याला पिंग करतं. सलग दहा मिनिटं उत्तर नाही आलं तर लाईट गेली असं समजून स्वतः शटडाउन होतं. एकदा कोणीतरी स्विचची केबल पायाने काढली आणि मशीन शिस्तीत बंद झालं, ती गोष्ट वेगळी.

आता आकडे. नव्या अडॅप्टरवर दोन्ही डिस्क एकदम फिरायला लागल्या तरी पिवळ्या वायरवर ११.७च्या खाली रेघ जात नाही. भिंतीवरचं मीटर ३२ ऐवजी २३ दाखवतं. नऊ वॉट वाचले, चोवीस तासांचे वर्षभरात साधारण ७९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर आठशे रुपयांच्या आत-बाहेर. म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, तुमचं मशीन दिवसाला तीन तासच चालू राहणार असेल तर वर्षाला दहा युनिटसाठी पिको-बिको घेऊ नका, जुना एसएमपीएस साफ करून, पंख्याला तेल घालून लावा. तो आमच्यापेक्षा शहाणा होता.

सिनिअरने रीडिंग पुन्हा घेतलं, पण तीनच्या जागी दोन आठवड्यांचं. बॅकअपच्या नियमात आम्ही एक ओळ वाढवली आहे : मूळ फाईल आपल्या लॅपटॉपमधून पुसू नये. रेक्टर सरांना २३ वॉटचा आकडा कागदावर लिहून दिला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "आणि चालू करताना?" मी ९०च्या आसपास लिहिलं, तेव्हा सही केली.

वॉटमीटर आणि ब्रेक लाईटचे तीन बल्ब आमच्या खोलीत आहेत (काकांचे त्यांना परत दिले, हे आम्ही विकत आणलेले). कोणाला अडॅप्टर तपासायचा असेल तर रात्री दहाच्या आत या. होल्डर तेवढा परत आणून द्या, एकच आहे.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी